गाणं वाजवा, पण शेवटचा अंतरा कापू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

एप्रिल आला की आमच्या भुसावळात आंबेडकर जयंतीचे डीजे सुरू होतात, आणि त्यावर जी गाणी वाजतात त्यातली बरीचशी वामनदादा कर्डकांची आहेत हे मला यंदा कळलं, तेही शेजारच्या रेल्वेतून रिटायर झालेल्या काकांमुळे. त्यांच्याकडे कॅसेटींचा एक पत्र्याचा डबा आहे, टेपरेकॉर्डरचं झाकण रबरबँडने बांधलेलं, आणि पेटी-ढोलकीवर गाणं रंगात आलं की काका मधेच हात वर करून म्हणतात, आता ऐक भो, आता नाव येईल. आणि येतंच. शेवटच्या कडव्यात 'वामन' असं नाव गुंफलेलं असतं, संतांच्या अभंगात असतं तसं.

आता गंमत बघा, डीजेवाले गाणं तीन मिनिटांत बसवायला नेमकं शेवटचं कडवंच उडवतात, रीलवाल्यांना तर मुखड्यापुढे काही लागतच नाही. म्हणजे माणसाने आपली सही जिथे केली तेवढाच कागद फाडायचा. वर नेटवर गाणं टाकताना गायकाचं नाव ठळक, संगीत अमुक, रीमिक्स तमुक, आणि गीतकार? एकतर कोराच नाहीतर सरळ 'पारंपरिक'. अहो, पारंपरिक कसलं, हा माणूस २००४ पर्यंत हयात होता!

१९२२ साली सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्म, म्हणजे आपल्या शेजारच्याच जिल्ह्यात. शाळा नाही. मुंबईत पोटासाठी राबत असताना कुणीतरी पत्र वाचून दाखव म्हटलं आणि यांना वाचता येईना, ते इतकं मनाला लागलं की मोठेपणी अक्षरं गिरवली, दुकानांच्या पाट्या वाचत जोडाक्षरं शिकले. आणि मग लिहिली ती हजारो गाणी. नुसती बाबासाहेबांवरचीच नाहीत हां, 'सांगत्ये ऐका' सिनेमातही त्यांचं गाणं आहे, आणि एका गाण्यात तर थेट टाटा-बिर्लांची नावं घेऊन धनाच्या साठ्यात आमचा वाटा कुठंय म्हणून विचारलंय, ते ऐकून मी दोनदा रिवाइंड केलं. (आंबेडकरी जलशांचे, म्हणजे गाण्या-नाट्यातून प्रबोधन करणारे, भीमराव कर्डक वेगळे बरं का, लोक दोघांना एकच समजतात.)

आपल्या आसोद्याच्या बहिणाबाईंनाही लिहिता येत नव्हतं, पण त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, त्यांच्या ओव्या जपल्या, अत्र्यांनी मनावर घेतलं, १९५२ ला पुस्तक निघालं, आज विद्यापीठाला त्यांचं नाव आहे आणि ते असायलाच पाहिजे. वामनदादांचीही पुस्तकं निघाली, पण ती कोणत्या दुकानात मिळतात ते मला अजून सापडलेलं नाही, आणि पाठ्यपुस्तकातल्या कवींची नावं घडाघडा म्हणणाऱ्या माझ्या मुलीने हे नाव ऐकलेलंच नव्हतं, एवढं मात्र खरं.

म्हणून मागणी साधी आहे. जळगाव आणि धुळे आकाशवाणीने त्यांची गाणी पूर्ण लावावीत आणि गीतकाराचं नाव सांगूनच लावावीत, फक्त १४ एप्रिललाच नाही. जयंती मंडळांनी डीजेला सुपारी देतानाच अट घालावी. आणि तुम्हीही साहेब, मिरवणुकीची बातमी छापता तेव्हा 'भीमगीतांवर तरुणाई थिरकली' याच्यापुढे गीतं कुणाची तेवढं अर्ध्या ओळीत टाका की.

आपला एक वाचक,
भुसावळ, जि. जळगाव