वेगळं पातेलं

चि. बाळास,

अनेक आशीर्वाद.

रोज फोनवर तू विचारतोस, "आई, गोळ्या घेतल्यास ना?" मी "हो" म्हणते आणि तू फोन ठेवतोस. म्हणून पत्र.

आधी एक कबुली. हार्ट अटॅक आला त्या रात्री त्रास साडेआठलाच सुरू झाला होता. कळ अशी नव्हती. जबडा ठणकत होता, मळमळत होतं, आणि ओटा पुसताना हातातलं फडकंसुद्धा जड लागायला लागलं. म्हटलं, पित्त असेल. भांडी लावली, धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घातल्या, आणि साडेबाराला बाबांना उठवलं. चार तास! छातीत दुखणं बायकांनाही होतंच. पण दम लागणं, पाठ-मान-जबडा दुखणं, कमालीचा थकवा अशी लक्षणं आमच्यात जास्त दिसतात. आणि थकवा आला म्हणून कुठली बाई नवऱ्याला झोपेतून उठवते?

स्टेंट, म्हणजे हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळीची नळी, बसवून घरी आले तेव्हा तुम्ही सगळ्यांनी फार केलं. पण माझी कमी मिठाची भाजी वेगळ्या छोट्या पातेल्यात शिजायची. ते पातेलं दिसलं की मी पुन्हा पेशंट व्हायचे. एक दिवस बाबांनी ते माळ्यावर टाकलं आणि सगळ्यांची भाजी एकातच केली. आठवडाभर तोंड वाकडं करून जेवले, आता बाहेरचं त्यांनाच खारट लागतं. दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे जेमतेम चहाचा चमचाभर, हे धडधाकट माणसालाही लागू आहे. तुलासुद्धा.

तसंच चालण्याचं. आठवड्याला निदान 150 मिनिटं. वेग बरोबर आहे का, याची खूण डॉक्टरांनी सांगितली: चालताना बोलता यावं, गाता येऊ नये. बाबा रोज गाऊन बघतात. रस्त्यावरची माणसं वळून बघतात.

हॉस्पिटलच्या व्यायामवर्गाला आम्ही दोघीच बायका होतो, बाकी सगळे पुरुष. दुसरीने तिसऱ्या आठवड्यात सोडलं. घरचं कोण बघणार, म्हणाली. मी टिकले, कारण त्या वेळात स्वयंपाकघर बाबांकडे होतं. "तू बस, काही करू नकोस" म्हणत हातातला झाडू काढून घेतलास ना, त्यापेक्षा हे कितीतरी उपयोगाचं.

गोळ्यांची काळजी करू नकोस. रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन्ही गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायच्या नाहीत, नाहीतर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते, हे मला पाठ आहे.

सुट्टीला येशील तेव्हा चालायचे बूट आण. सहाला निघतो.

तुझी,
आई

ता. क. सूनबाईचं बीपी गरोदरपणात वाढलं होतं. तू पोटात असताना माझंही वाढलं होतं. बाळंतपणानंतर उतरलं म्हणून मी विसरून गेले. अशा बायकांना पुढे हृदयविकाराचा धोका जास्त असतो, हे मला स्टेंट बसल्यावर कळलं. तिचं बीपी, साखर, कोलेस्टेरॉल दरवर्षी तपासून घे. आणि तिच्याबरोबर तू स्वतः जा.