गिअरबॉक्स पुन्हा उतरवण्याआधी: उस्तादांना आभाराचं पत्र

आदरणीय उस्ताद,

सा. न. वि. वि.

पिकअपचा ४एल६०ई (जनरल मोटर्सचा चार गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) आता तिसरा गिअर घट्ट धरतोय. ओव्हरहॉल होऊन गाडीला चढलेला हा गिअरबॉक्स तिसऱ्यात घसरायला लागला, तेव्हा जॅक लावून तो लगेच खाली घ्यायचं ठरत होतं. तुम्ही फोनवर एकच विचारलंत, ‘ऑइलचा दाब मोजला का?’ त्या प्रश्नाबद्दल आणि पुढे सांगितलेल्या एकेका तपासणीबद्दल हे पत्र. सगळ्यांसमोर लिहितोय, कारण नव्या क्लच प्लेटी टाकूनही गाडी घसरते तेव्हा माणूस प्लेटींवर संशय घेतो आणि बाहेरून दिसणाऱ्या गोष्टी बघायच्या राहून जातात.

पहिलं ऑइल. कन्व्हर्टरसकट (इंजिन आणि गिअरबॉक्स ऑइलमार्फत जोडणारा भाग) रिकाम्या गिअरबॉक्सला साधारण १० ते ११ लिटर डेक्स्रॉन-सहा हे ऑटोमॅटिकचं ऑइल लागतं, पण ते एकदम ओतायचं नाही. आधी चारपाच लिटर, मग इंजिन चालू, मग पंप ओढेल तसं थोडं थोडं. प्रत्येक गिअरमधून दांडा फिरवून, गाडी गरम झाल्यावर, इंजिन चालू ठेवून, पार्कमध्ये डिपस्टिक बघायची. कमी पडलं तर पंप हवा ओढतो आणि कण्हतो, हे सगळ्यांना माहीत असतं. जास्त झालं तरी घसरतं, हे मात्र फार कमी जण लक्षात घेतात. फिरते भाग ऑइल घुसळतात, फेस होतो, आणि फेस दाबला जातो. मग क्लचला पूर्ण दाब मिळत नाही.

दुसरी वायरिंग. या गिअरबॉक्समध्ये पहिल्या गिअरला दोन्ही शिफ्ट सोलेनॉइड (विजेवर चालणाऱ्या, गिअर बदलणाऱ्या झडपा, ‘ए’ आणि ‘बी’) चालू असतात, दुसऱ्याला फक्त ‘बी’, तिसऱ्याला दोन्ही बंद, चौथ्याला फक्त ‘ए’. म्हणजे कनेक्टर निघाला किंवा पिन वाकली, तर गाडी थेट तिसऱ्यातच उठते, जड उठते, आणि दाब पूर्ण चढलेला असल्यामुळे रिव्हर्सला झटका देते. अशा गाडीचा गिअरबॉक्स उघडणं म्हणजे मेहनत वाया. मीटर लावला की शिफ्ट सोलेनॉइड थंड असताना वीसेक ओहम दाखवतो आणि दाबाचा सोलेनॉइड साडेतीन ते साडेचार. शिवाय जुन्या, झिजलेल्या गिअरबॉक्सवर कॉम्प्युटरने शिकून ठेवलेला दाब नव्यावर तसाच राहतो. तो स्कॅनरने पुसल्याशिवाय शिफ्ट कसा बसतोय यावर मत बनवू नये, हे तुमचं म्हणणं आम्हाला पूर्ण पटलं.

आता गेज. गिअरबॉक्सच्या डाव्या बाजूचा छोटा प्लग काढून ३०० पीएसआयचा (पीएसआय हे दाबाचं एकक) गेज लावायचा. लहान गेज रिव्हर्समध्ये टिकत नाही. ड्राइव्हमध्ये, आयडलला, गरम ऑइलवर ५५ ते ६५ च्या आसपास काटा हवा. कनेक्टर काढून थोडी रेस दिली की दीडशेच्या वर जायलाच हवा, आणि लगेच रेस सोडायची. सगळ्या गिअरमध्ये दाब कमी असेल, तर आधी पॅन काढून फिल्टरची मान बघा. जुनं सील भोकात तसंच राहतं आणि त्यावर नवं बसवलं जातं, किंवा नवं तिरकं बसतं. फिल्टर सैल होतो आणि पंप ऑइलसोबत हवा पितो. त्यानंतर दाब ठरवणारा प्रेशर रेग्युलेटर आणि बूस्ट व्हॉल्व्ह अडकलाय का ते बघायचं. उलट दाब चढलेलाच राहून खाली येत नसेल, तर पुन्हा सोलेनॉइड आणि वायरिंगकडे वळायचं.

या गाडीत काटा बरोबर होता. तिसऱ्यात गेल्यावरही पडला नाही. इथे आमचा ठाम समज होता की दाब आहे म्हणजे ऑइल पोचतंय. तुम्ही समजावलंत की गेज मुख्य दाब दाखवतो; क्लचच्या वाटेवर अरुंद भोक असतं आणि त्याच्या पलीकडची गळती काट्यावर उमटत नाही. पंप, फिल्टर आणि रेग्युलेटर निर्दोष ठरले, एवढाच त्याचा अर्थ. पूर्ण दाबावर, कनेक्टर काढून, क्षणभर तिसऱ्यात उचलून पाहिलं तरी घसरली. म्हणजे गळती आत.

मग गाडी वरच ठेवून पॅन आणि व्हॉल्व्ह बॉडी (ऑइलच्या झडपांचा ठोकळा) काढायची आणि केसमधल्या भोकांतून कोरडी हवा द्यायची, ४० पीएसआयच्या आत. फॉरवर्ड क्लचला ‘ठप्प’ आवाज येऊन हवा थांबली. तीन-चारच्या (तिसऱ्या-चौथ्या गिअरच्या क्लचच्या) भोकाला आवाज बारीक आला आणि मागून सूं सूं चालूच राहिली. एवढं कळल्यावर गिअरबॉक्स उतरवला, आणि तोही पंप आणि इनपुट ड्रमपुरताच (क्लच प्लेटी ज्यात बसतात तो डबा) उघडायचा, हे ठरवूनच.

इनपुट शाफ्टवर चार टेफ्लॉन रिंगा असतात. त्यांतल्या एकीची कड सोललेली होती, नखाच्या कोरीएवढी, आणि तो पापुद्रा खाचेतच दुमडून बसलेला. रिंग खाचेत चढवताना ताणली जाते आणि आपोआप मूळ मापाला येत नाही. गरम ऑइलमध्ये मऊ करून चढवायची, साइझिंग टूलने दाबून दहा-पंधरा मिनिटं तशीच ठेवायची, आणि पंप बसवण्याआधी शाफ्ट त्यात हाताने सरकवून पाहायचा. जराही अडलं तर थांबायचं. फुगलेली रिंग भोकाच्या धारेवर सोलली जाते, ऑइल शेजारच्या वाटेत निसटतं आणि क्लच अर्ध्या जोरावर चालतो.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे ड्रममधल्या चेक बॉलचीही (ऑइलची वाट बंद करणारी गोळी) सॉल्व्हंट ओतून परीक्षा घेतली. तो गळत असता तर नवी रिंगही कामाची नव्हती. घसरलेल्या तीन-चारच्या प्लेटी काळ्या आणि स्टील प्लेटी निळ्या डागांच्या झाल्या होत्या, म्हणून तो संच पुन्हा नवा टाकला आणि क्लचचा मोकळेपणा ०.७५ ते १ मिमीत ठेवला. नव्या प्लेटी अर्धा तास ऑइलमध्ये भिजवल्या. व्हॉल्व्ह बॉडीतल्या सुट्या गोळ्या जागेवर धरायला ग्रीसऐवजी व्हॅसलीन. ग्रीस विरघळत नाही आणि बारीक भोकं बुजवतं.

चढवताना कन्व्हर्टर तीन टप्प्यांत आत बसल्याची खात्री केली. बेल हाउसिंग (गिअरबॉक्सचं पुढचं तोंड) इंजिनला पूर्ण टेकल्यावर कन्व्हर्टर हाताने फिरला, आणि फ्लेक्सप्लेटपासून (इंजिनवरची चकती, जिला कन्व्हर्टर बोल्टने जोडतात) ३ ते ५ मिमी अंतर राहिलं. अंतर नसताना बोल्ट आवळून ओढून घेतला, तर पंप तिथेच फुटतो.

कूलरबद्दल तुम्ही आग्रह धरलात तो योग्यच होता. जळक्या प्लेटींचा चुरा तिथेच साठतो, आणि गिअर व बुशना मिळणारं ऑइल कूलरमधूनच परत येतं. दोन्ही दिशांनी धुऊन, आयडलला रिटर्न पाइप बादलीत सोडला. वीस सेकंदांत निदान एक लिटर यायला हवं, तितकं आलं, आणि इंजिन लगेच बंद केलं.

दुसरा, चौथा आणि रिव्हर्स एकदम गेले तर सन शेल (सन गिअरला जोडलेलं कवच) बघा, हे तुम्ही जाता जाता सांगितलंत. तेही वहीत लिहून घेतलंय.

तुमचा गेज सोबत परत पाठवतोय. त्याच्या होजच्या टोकाला वॉशर चिरलेला होता, तो बदललाय.

आपले कृतज्ञ,
गिअरबॉक्सच्या बाकावरचे आम्ही सगळे