पौळीतला चपटा विंचू

नाशिक

प्रिय दिनू,

सप्रेम नमस्कार.

त्र्यंबकच्या मळ्यातल्या पौळीत (दगडी कुंपणभिंतीत) दिसलेल्या विंचवाचा फोटो मिळाला. जांभळ्या (अतिनील) टॉर्चखाली काढलास, म्हणून रंग कळत नाही. त्या उजेडात विंचू हिरवट चमकतात. (नुकती कात टाकलेला तेवढा चमकत नाही.) चिमटे मात्र स्पष्ट आहेत, आणि त्यांवरून हा स्कॉर्पिऑप्स गटातला वाटतो. काही पुस्तकांत निओस्कॉर्पिऑप्स म्हणून सापडेल. सह्याद्रीतल्या कातळाच्या फटींत राहणारा, सौम्य विषाचा.

तसंही रंगावर विसंबू नकोस. जहाल विषाचा लाल विंचू पिवळसर नारिंगीपासून गडद तपकिरीपर्यंत कसाही असतो. चिमटे आणि शेपूट ताडून पाहा. लाल विंचवाचे चिमटे काडीसारखे बारीक, शेपूट जाडजूड. तुझ्याकडच्याचं उलटं आहे: चिमटे रुंद, खरखरीत, शेपूट आखूड, बारीक, अंग चपटं. इंगळीच्या (मोठ्या काळ्या विंचवाच्या) पिल्लाचेही चिमटे दणकट असतात, पण इंगळी मातीत बीळ करते. छातीच्या उंचीवरच्या फटीत ती कशाला येईल?

खात्री पोटाच्या बाजूने होते. पारदर्शक डबीत घेऊन खालून पाहा. पायांच्या मुळांमधली छातीची पट्टी लाल विंचवात त्रिकोणी, यात पंचकोनी. तिच्यामागे कंगव्यासारखे दोन अवयव असतात. यात एका कंगव्याला दहाच्या आसपास किंवा कमीच दात, लाल विंचवात वीसहून जास्त. नेमकी जात ठरवायला चिमट्यांवरचे केस मोजावे लागतात, ते सूक्ष्मदर्शकाशिवाय नाही.

पकडताना ओढू नकोस. तो अंग फटीत घट्ट रुतवतो आणि पाय तुटतो. रात्री तो भक्ष्यासाठी फटीच्या तोंडाशी बसतो. पांढरा उजेड पडला की आत सरकतो, म्हणून जांभळाच टॉर्च वापर. लांब दांड्याच्या ब्रशने मागून ढकलून डबीत घे. हात दूर.

गवंडी फटी सिमेंटने बुजवू म्हणेल. त्याने हा बिचारा जाईल. लाल विंचवाला पायथ्याचे सुटे दगड आणि विटांचा ढीग राहणारच. आधी तो ढीग हलव, हातमोजे घालून.

आणि कुणाला डंख झालाच, तर ओळख पटवत बसू नका. घाम, उलट्या, हातपाय गार पडणं यांतलं काही दिसलं, किंवा लहान मूल असेल, तर थेट दवाखाना. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध देतात, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी ते रुळवलं. ते डॉक्टरांनीच द्यायचं.

पुढचे फोटो पांढऱ्या उजेडात, शेजारी मोजपट्टी ठेवून काढ: एक वरून, एक शेपटीचा बाजूने, एक डबीच्या तळातून.

तुझा,
अवी