बाबा, तुमच्या वॉर्डात मी ड्युटी घेतली नाहीये

प्रिय आई-बाबा,

फोनवर सांगायला गेले की आई रडायला लागते आणि बाबा "बरं बरं" म्हणून फोन ठेवून देतात, म्हणून लिहितेय. आधी शेवटपर्यंत वाचा, मग काय ओरडायचं ते ओरडा. गुडघ्याचं ऑपरेशन आमच्याच हॉस्पिटलला होणार, पण त्या दिवसांत मी त्या वॉर्डला नसेन. इनचार्ज सिस्टरशी बोलून झालंय, रोस्टर बदललाय. मी रजा टाकलीय. साध्या कपड्यांत येईन, पेशंटची मुलगी म्हणून, भेटायच्या वेळेत.

आई, तू म्हणालीस "लेक नर्स असून बापाला परक्याच्या हाती देतेस." लागलं मला ते, खोटं कशाला बोलू. पण मी तापाने फणफणले होते तेव्हाचं आठवतं का? बाबा थर्मामीटर झटकायचे, दर वेळी वेगळाच आकडा वाचायचे, आणि शेवटी तो बेसिनवर आपटून फुटला. वर्षभराचा हिशेब एका बैठकीत जुळवणारा माणूस, पण माझा ताप काही वाचता येईना. बाबा, तुमच्याबाबतीत माझा हातही तसाच थरथरेल आणि माझ्या हातात थर्मामीटर नाही, इंजेक्शन असेल.

ऑपरेशननंतर दुखणं खूप असलं तर मॉर्फिनसारखं औषध देतात. ते श्वास मंद करतं. मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला साधारण 12 ते 20 असतो, आम्ही पूर्ण मिनिटभर छातीकडे बघून मोजतो. समजा तो 9-10 वर आला, माणूस गुंगीत गेला, आणि तरी मधेच कण्हतोय, तर पुढचा डोस थांबवायचा, त्याला हाका मारून जागं करायचं आणि डॉक्टरांना बोलवायचं. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत मी हे अजिबात न डगमगता करते. पण तुम्ही कण्हलात की मी एकतर कळवळून लवकर औषध देईन नाहीतर घाबरून देणारच नाही, दोन्हीत हाल तुमचेच.

इन्सुलिनचं तर अजून वेगळंच. कुणी घाईत 10 च्या पुढे युनिटऐवजी नुसता यू लिहिला आणि तो शून्यासारखा दिसला तर 10 चे 100 होतात, म्हणून युनिट हा शब्द पूर्ण लिहायचा असा नियम असतो आणि बऱ्याच ठिकाणी दोघी नर्स डोस वेगवेगळा तपासतात. आता दुसरी नर्स मीच असले तर पहिली म्हणणार, हिच्या वडिलांचंच आहे, हिला माहीत असणार. झालं, तपासणी नावापुरती उरली. शिवाय रात्री वॉर्डात एका नर्सकडे किती पेशंट असतात ते तुम्हाला माहितीय, मी तिथे असले तर माझे कान तुमच्याच बेलकडे लागणार. मग पलीकडच्या बेडवरच्या आजोबांनी कुणाकडे बघायचं? त्यांची मुलगी काही नर्स नाही.

दादा माझ्यावर चिडलाय ते कळलंय मला. त्याला बाबांचे रिपोर्ट कॉम्प्युटरवर "जरा बघून" हवे होते आणि मी नाही म्हटलं. तिथे कुणी कुणाची फाईल उघडली याची नोंद राहते, पण मी नाही म्हटलं ते पकडले जाण्याच्या भीतीने नाही. ज्या पेशंटची मी काळजी घेत नाहीये त्याची फाईल उघडायचा मला हक्कच नाही, मग तो पेशंट माझा बाप का असेना. तुम्ही दोघं माझ्या नर्सिंगच्या शपथेच्या, हातात दिवे घ्यायच्या कार्यक्रमाला आला होतात, आई माझ्याहून जास्त रडली होतीस. तेव्हा आम्ही जी शपथ घेतली ना, (ती नाइटिंगेलच्या नावाने ओळखतात पण लिहिली 1893 मध्ये डेट्रॉइटच्या नर्सिंग स्कूलसाठी लिस्ट्रा ग्रेटर यांच्या कमिटीने, बाबांना असलं काही आवडतं म्हणून सांगतेय) तिच्यातच आहे की कामात कळलेल्या लोकांच्या खाजगी आणि घरगुती गोष्टी स्वतःपाशीच ठेवीन. आपलं घर त्यातून वगळलेलं नाहीये. दादाला रिपोर्ट हवेत तर बाबांनी डॉक्टरांना सांगावं, माझ्या मुलाला दाखवा. इतकं सोपं आहे ते.

आणि मामांना सांगा की ओळख लावून नंबर पुढे घ्यायचं मी विचारलं नाही, विचारणारही नाही. गुडघा दुखतोय हे खरंय, पण पुढच्या नंबरवाल्याचाही दुखतोयच की.

आता आई, एक बोलायचंय आणि बाबा वाचतायत हे माहीत असूनच लिहितेय. तू म्हणालीस, तपासण्यांत काही नको ते निघालं तर यांना सांगू नका, झेपायचं नाही. तू का म्हणतेस ते मला कळतं. रोज कुणी ना कुणी बाजूला बोलावून आम्हाला हेच सांगतं आणि सगळे प्रेमापोटीच सांगतात. पण बाबांनी मला सरळ विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. म्हणून आधीच ठरवून टाका ना. बाबा, सगळं ऐकायचंय, थोडंच ऐकायचंय, की "जे काय ते हिला सांगा" असं म्हणायचंय? तिन्ही चालतं, डॉक्टरांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवा. फक्त ते तुम्ही ठरवायचं, आम्ही नाही. संमतीच्या फॉर्मवर सहीसुद्धा तुमचीच, वाचून, विचारून. दादाने पेन पुढे केला म्हणून करायची नाही.

तुमची गैरसोय होणार नाही हो. चष्मा, कवळी, कानाचं मशीन ठेवायला नाव घातलेला डबा मी आणतेय, ऑपरेशनला नेताना ते काढून ठेवतील. दोन उशा लागतात हे सिस्टरना आधीच सांगते. खिडकीजवळचा बेड मिळेलच असं नाही, पण पेपर मी रोज आणून देईन, शब्दकोडं कोरं ठेवीन, शप्पथ.

त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी तुम्हाला उभं करतील. दुखेल. पायात रक्ताची गाठ होऊ नये म्हणून तेच गरजेचं असतं, तेव्हा त्या सिस्टरवर डोळे वटारू नका. मीच नर्स असते तर "राहू दे आज" म्हटलं असतं बहुतेक, आणि तेच चुकीचं झालं असतं.

दर वेळी गोळी देताना नाव आणि जन्मतारीख विचारतील, "सकाळीच सांगितलं ना" असं म्हणायचं नाही, सांगायचं. कुणी हात स्वच्छ न करता जवळ आलं तर बेधडक विचारायचं. बाथरूमला उठायचं तर बेल दाबून थांबायचं, रात्री तर नक्कीच, "मला काय धाड भरलीय" म्हणत एकटे गेलात तर मी खरंच बोलणार नाही तुमच्याशी. सगळ्या गोळ्यांची यादी करा, रक्त पातळ करायची गोळी सगळ्यात वर, आणि ती कधी बंद करायची ते डॉक्टरच सांगतील, आपल्या मनाने नाही. ते चूर्णही यादीत घ्या, आई, तू लपवशील म्हणून म्हणतेय. सिस्टरना पाकीट-बिकीट द्यायचं नाही, त्यांची फार पंचाईत होते. आणि काही चुकलंय असं वाटलं तर ही आपल्या पोरीची मैत्रीण म्हणून गप्प बसू नका, इनचार्जना सांगा, माझी काळजी करू नका.

आई, तू रात्री घरी जाऊन झोपायचंस, वाद नकोय, तुझं बीपी मला माहितीय. पहिली रात्र मी थांबीन परवानगी घेऊन, बाकीच्या दादा. त्याला म्हणावं माझा फोन उचल, यादी त्याच्याकडूनच लिहून हवीय मला, तुमचं अक्षर कुणाला लागत नाही.

तुमची,
ताई