हळदीच्या डीजेला मुभा, रॅपवर मात्र बंदी?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

हिपहॉप संगीत आणि तरुण पिढी या विषयावर आपल्या दैनिकात गेले काही दिवस जी पत्रे प्रसिद्ध होत आहेत, ती मी लक्षपूर्वक वाचली. हिपहॉपमधल्या, तालावर बोलून म्हटल्या जाणाऱ्या रॅपमधील शिव्या, स्त्रियांविषयीची हिणकस भाषा आणि हत्यारांचे प्रदर्शन यांमुळे मुले बिघडत आहेत, सबब सरकारने अशा गाण्यांना आळा घालावा, असा बहुतेक पत्रलेखकांचा सूर आहे. दोन-तीन पत्रांत या गाण्यांची पाठराखण करताना शाहिरीचा वारसा पुढे करण्यात आला आहे. शाहिरीचा हा दाखला मला फारसा पटत नाही. शाहीर साऱ्या गावासमोर उभा राहून गात असे, ऐकणाऱ्यांत आजोबाही असत आणि नातूही, त्यामुळे कोणती ओळ कुठवर न्यायची याचा अंदाज त्याला समोरच्या चेहऱ्यांवरून येत असे. आजचे रॅप मुलगा कानात इअरबड घालून एकटा ऐकतो आणि त्या वेळी त्याच्या शेजारी बसलेल्या आईला त्यातला एकही शब्द कळत नाही. मात्र बंदीची मागणीही मला तितकीच बिनकामाची वाटते. मी नववीत शिकणाऱ्या एका मुलाची आई आहे आणि नागपुरातील एका शाळेच्या पालक-शिक्षक संघात काम करते, म्हणून या वादातील पालकांच्या बाजूविषयी थोडे विस्ताराने लिहिण्याची परवानगी घेते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते की, मी हिपहॉपची वकिली करीत नाही. मुलगा ऐकतो त्यांतली बरीच गाणी मी स्वतः ऐकली. काही गाण्यांत वस्तीतल्या जगण्याचे असे चित्रण आहे की, ते दहा अग्रलेखांतूनही उभे राहणार नाही. काहींत मात्र आई-बहिणीवरून दिलेल्या शिव्या आणि मुलींना वस्तू समजणारी मग्रुरी यांपलीकडे काहीही नाही. अशा गाण्यांना केवळ ती गरीब वस्तीतून आली म्हणून सूट द्यावी, असे मला वाटत नाही, कारण त्या शिव्या त्याच वस्तीतल्या मुलींनाही रोज ऐकाव्या लागतात.

परंतु ही गाणी घरात शिरली कोणत्या दाराने, हेही पाहिले पाहिजे. पुण्याच्या ताडीवाला रोड परिसरातून आलेला एमसी स्टॅन हा रॅप गायक 2023 च्या फेब्रुवारीत ‘बिग बॉस’च्या हिंदी आवृत्तीचा सोळावा हंगाम जिंकला. हा कार्यक्रम असंख्य घरांत रात्रीच्या जेवणाच्या वेळी, आजी-आजोबांसह पाहिला जात होता. त्यात त्याच्या तोंडची शिवी आली की ‘बीप’ वाजे आणि घरातली मोठी माणसे हसत. पोरगा कसा रोखठोक आहे, याचे कौतुक होई आणि त्याला मते देण्यासाठी मुलांच्या बरोबरीने वडीलही मोबाइल हातात घेत. कार्यक्रम संपल्यावर मुलांनी त्याची जुनी गाणी शोधून काढली, ज्यांत ‘बीप’ नव्हता. महिनाभरात इंदूरमधील त्याचा कार्यक्रम एका संघटनेच्या कार्यकर्त्यांनी मंचावर चढून बंद पाडला आणि एकाएकी सर्वांना संस्कृतीची आठवण झाली. मुलाने त्या गायकाचे नाव पहिल्यांदा ऐकले ते आपल्याच दिवाणखान्यात, एवढे तरी आपण मान्य करायला हरकत नसावी.

हा वाद आपल्याकडे नवा असला, तरी अमेरिकेत तो चार दशके जुना आहे. 1973 च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, सेजविक अव्हेन्यूवरील एका इमारतीत कूल हर्क या डीजेने बहिणीच्या पार्टीत वाजवलेल्या संगीतापासून हिपहॉपचा जन्म मानला जातो. त्यानंतर बाराच वर्षांनी, 19 सप्टेंबर 1985 रोजी, अमेरिकी सिनेटसमोर गाण्यांतील अश्लीलतेवर सुनावणी झाली. ती घडवून आणण्यात ज्या महिलांचा पुढाकार होता, त्यांतल्या टिपर गोर (सिनेटर अल गोर यांच्या पत्नी) यांनी अकरा वर्षांच्या मुलीसाठी आणलेल्या, प्रिन्स या पॉप गायकाच्या ध्वनिमुद्रिकेतील एक गाणे ऐकून ही मोहीम हाती घेतली होती. गंमत अशी की, त्यांनी आक्षेपार्ह ठरवलेल्या पंधरा गाण्यांच्या यादीत रॅपचे एकही गाणे नव्हते. सगळा रोख पॉप आणि हेवी मेटल या रॉक संगीताच्या प्रकारावर होता. या खटाटोपातून ध्वनिमुद्रिकांवर पालकांना सावध करणारी काळी-पांढरी पट्टी आली. फ्लोरिडात 1990 मध्ये न्यायालयाने ‘टू लाइव्ह क्रू’ या रॅप गटाची एक ध्वनिमुद्रिका अश्लील ठरवली, ती विकणाऱ्या एका दुकानदाराला अटकही झाली. 1992 मध्ये वरच्या न्यायालयाने तो निकाल फिरवला, आणि या साऱ्या गदारोळात तिच्या वीस लाखांहून अधिक प्रती खपल्या.

त्या पट्टीमागची कल्पना मात्र नीट समजून घेण्यासारखी आहे. दुकानात गल्ल्यापाशी पैसे मोजणारा पालक उभा आहे, त्याला पट्टी दिसेल आणि तो हात आखडता घेईल, असे त्यात गृहीत धरले होते. आज ना दुकान राहिले ना गल्ला. ती पट्टी आक्रसून मोबाइलच्या पडद्यावर गाण्याच्या नावाशेजारी चौकोनातले एक बारीकसे ‘ई’ अक्षर (‘एक्स्प्लिसिट’, म्हणजे आक्षेपार्ह शब्दांची खूण) तेवढे उरले आहे, आणि तेही गाण्याचे हक्कधारक स्वतःहून लावतील तर दिसते. स्पॉटिफायसारख्या गाणी ऐकण्याच्या ॲपमध्ये अशी गाणी बंद ठेवण्याची सोय सेटिंग्जमध्ये आहे. आमच्या संघाच्या एका सभेत मी विचारले असता उपस्थित पालकांपैकी एकालाही ती ठाऊक नव्हती, आणि सरकारने बंदी घालावी, असा ठराव मांडणारे गृहस्थही त्यांतच होते.

रॅपवरील टीका म्हणजे निव्वळ सनातन्यांची ओरड, असे म्हणणाऱ्यांनीही थोडे थांबावे. मार्टिन ल्यूथर किंग यांच्याबरोबर मोर्चात चाललेल्या सी. डेलोरेस टकर या कृष्णवर्णीय कार्यकर्तीने 1990 च्या दशकात गँगस्टा रॅपविरुद्ध, म्हणजे टोळ्या आणि हिंसेच्या जगावरील रॅपविरुद्ध, कंबर कसली होती, आणि तिचा राग गाणाऱ्या पोरांवर होताच, पण त्याहून अधिक त्या गाण्यांवर गबर होणाऱ्या कंपन्यांवर होता. ‘अमेरिकन जर्नल ऑफ पब्लिक हेल्थ’मध्ये 2003 साली 522 कृष्णवर्णीय किशोरवयीन मुलींचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. रॅपचे व्हिडिओ अधिक पाहणाऱ्या मुलींमध्ये पुढील वर्षभरात शिक्षकांवर हात उगारण्याचे प्रमाण तिप्पट आढळले, अटक होण्याचे अडीच पटींहून अधिक. हे आकडे झटकून टाकण्यासारखे नाहीत. तरीही व्हिडिओ पाहून मुलगी आडदांड झाली की आडवळणाला लागलेली मुलगी असे व्हिडिओ शोधू लागली, हे त्यावरून ठामपणे सांगता येत नाही. शिवाय अमेरिकेतील हिंसक गुन्ह्यांचे प्रमाण 1991 च्या सुमारास शिखराला पोचून नंतर दशकभर उतरत गेले, आणि ती वर्षे तर गँगस्टा रॅपच्या भरभराटीची होती. गाणे आणि गुन्हा यांची जोडी इतकी सरळ असती, तर आकडे उलटे दिसायला हवे होते.

कायद्याचे म्हणाल, तर त्याचा अनुभव आमच्या नागपूरने घेतला आहे. यो यो हनी सिंगच्या नावावर असलेल्या अश्लील गाण्यांविरुद्ध येथील एका नागरिकाने तक्रार केली आणि पाचपावली पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल झाला. गायकाच्या आवाजाचा नमुना घेण्यासाठी न्यायालयाच्या आदेशाने तो पोलिसांसमोर हजर झाला, तोवर 2022 साल उजाडले होते. तक्रार झाली तेव्हा जे मूल प्राथमिक शाळेत होते, ते एव्हाना दहावी ओलांडून गेले. तक्रारदाराच्या चिकाटीबद्दल मला आदर आहे, परंतु आपल्या मुलाच्या कानांची राखण एवढ्या संथ यंत्रणेवर सोपवून स्वस्थ बसणे कोणत्याच पालकाला परवडणारे नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येते. गेल्या लग्नसराईत वर्धा रोडवरील एका लॉनवर नात्यातल्या हळदीला गेले होते. डीजेच्या दोन भिंतींएवढ्या पेट्यांवर दारूची, ‘माल’ दिसणाऱ्या पोरीची आणि बंदुकीच्या बाराची गाणी एकामागून एक वाजत होती. पहिली-दुसरीतली एक मुलगी घागरा सावरत त्या तालावर, गाण्यातल्या नायिकेचे हावभाव जसेच्या तसे करीत नाचत होती. तिच्याभोवती काका-मामांचे रिंगण होते, मोबाइल उंचावलेले होते, मावशीने दहाच्या नोटा ओवाळून डीजेवाल्याकडे टाकल्या आणि आजीने दृष्ट काढल्यासारखी बोटे कानशिलाला मोडली. ती चित्रफीत त्याच रात्री कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर आली आणि तिच्याखाली टाळ्यांची रांग लागली. मूल त्या मांडवातून काय शिकून निघाले असेल, याचा विचार करावा. शब्दांचा अर्थ तिला कळला नसेल. पण या शब्दांवर नाचले की घरची सगळी मोठी माणसे खूश होतात, एवढे तिला पक्के कळले. हीच मुलगी तेरा-चौदाव्या वर्षी हेडफोनवर त्याच अर्थाचे रॅप ऐकेल, तेव्हा हेच काका-मामा संस्कारांविषयी बोलतील आणि ती त्यांचे का ऐकेल, हे मला समजत नाही. वरातीतील धुमाल बँड, गणपतीच्या मिरवणुकीतला डीजे, पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा कार्यक्रम, या सर्व ठिकाणी जे खपवून घेतले जाते, त्यापेक्षा वेगळे असे रॅपमध्ये फार थोडे आहे. आक्षेप शब्दांना असेल, तर तो तेथेही घेतला पाहिजे.

याच्या उलट एक प्रसंग. आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी नववीच्या चार मुलांनी स्वतः रचलेले रॅप सादर करण्याची परवानगी मागितली होती. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलावाचे पाणी वस्त्यांत शिरले होते, त्यातल्या एका मुलाच्या घरात ते कमरेपर्यंत चढले होते. रॅप त्याच रात्रीचे होते: फ्रिज तरंगत होता, दप्तर माळ्यावर टाकले होते, आजीला पलंगासकट उचलले होते, आणि पंचनाम्याला आलेल्या माणसाने दाराबाहेरूनच किती ओल आहे ते विचारले होते. अस्सल वऱ्हाडीत, एकही शिवी नाही. शाळेने परवानगी नाकारली. रॅप म्हटले की मुले ऐन वेळी काय बोलतील याचा नेम नाही, असे कारण सांगण्यात आले. त्याच संमेलनात एका चित्रपटातील मद्यपानाच्या गाण्यावर पाचवीच्या मुलींचा समूहनृत्याचा कार्यक्रम झाला, आणि त्याला पहिल्या रांगेतून ‘वन्स मोअर’ मिळाला.

‘पालकांनी लक्ष द्यावे’ हे वाक्य लिहिताना, कोणत्या पालकांनी आणि कोणत्या वेळी, हेही कोणीतरी सांगावे. सकाळी सहाला चार घरची धुणी-भांडी करायला निघालेली आई किंवा बुटीबोरीच्या कारखान्यात पाळीवर गेलेला बाप मुलाची प्लेलिस्ट तपासणार तरी केव्हा? मोबाइलही बहुधा घरात एकच असतो आणि तो अभ्यासासाठी म्हणून मुलाच्या हाती असतो. ज्यांच्याकडे वेळ आहे, ते आपल्या सोयीने कडक होतात. ज्यांच्याकडे नाही, त्यांना बेजबाबदार म्हणणे सोपे असते. अशा मुलांसाठी घराबाहेर कोणीतरी मोठे माणूस असावे लागते. धारावीत ‘द धारावी ड्रीम प्रोजेक्ट’ शाळा सुटल्यानंतर मुलांना ब्रेकिंग (हिपहॉपचे नृत्य), बीटबॉक्सिंग (तोंडाने ताल वाजवणे) आणि रॅप विनामूल्य शिकवते. तेथे मुलाला ओळ लिहावी लागते, ती इतरांसमोर म्हणावी लागते आणि तिचा जाबही द्यावा लागतो. ब्रेकिंग तर 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्पर्धा म्हणून खेळले गेले. आमच्या शहरात महापालिकेच्या किती तरी शाळांच्या इमारती संध्याकाळी कुलूपबंद असतात. असा एखादा वर्ग तेथे चालवायला फार खर्च येऊ नये.

माझ्यापुरते सांगायचे, तर मुलाला गाणी बंद करायला मी सांगितलेले नाही. इअरबड काढून, घरातल्या स्पीकरवर, आम्ही दोघे असताना लाव, एवढीच अट घातली आहे. काही गाणी तो स्वतःच लावत नाही. काही लावतो आणि मध्येच आवाज कमी करतो, आणि मग त्या ओळीविषयी आमचे बोलणे होते; कधी वादही होतो. एकदा त्याने मला विचारले की, बाबांच्या गाडीत लागणाऱ्या जुन्या लोकगीतांतले दुहेरी अर्थ तुम्हाला कसे चालतात. त्याच्या वडिलांनी त्या दिवशी गाडीत बातम्या लावल्या.

संघाच्या पुढील सभेत मी दोन प्रस्ताव मांडणार आहे. स्नेहसंमेलनातील प्रत्येक गाण्याचे शब्द, मग ते चित्रपटाचे असो, लोकगीत असो वा रॅप, पालक आणि शिक्षकांच्या समितीने कागदावर वाचूनच मंजूर करावेत, आणि मुलांनी स्वतः लिहिलेल्या रचनेला त्यात प्राधान्य द्यावे. दुसरा प्रस्ताव असा की, मोबाइलमधील वयानुरूप सेटिंग्ज कशी लावायची, हे पालकांना मराठीतून, त्यांच्याच मोबाइलवर करून दाखवण्यासाठी दर सत्रात एक रविवार ठेवावा, आणि तो कामगार वस्तीतल्या पालकांना जमेल अशा वेळी असावा. बंदीचा ठराव मांडणाऱ्या गृहस्थांना मी पहिल्या रविवारचे निमंत्रण दिले असून, त्यांनी येण्याचे कबूल केले आहे.

आपली वाचक,
एक पालक, नागपूर