विजेच्या तारेपलीकडच्या घरांची तपासणी थंडीतच व्हावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शहर सोडून डोंगरात, विजेच्या तारेपासून दूर, राहायला जाणाऱ्यांविषयी हल्ली वर्तमानपत्रांतून कौतुकाने लिहून येते. त्यात वावगे काहीच नाही. मात्र ज्यांची घरे पिढ्यान्‌पिढ्या तिथेच आहेत आणि ज्यांच्या दारापर्यंत विजेचा खांब आजवर पोहोचलेला नाही, त्यांच्या रोजच्या कामाविषयी क्वचितच काही छापून येते. आमचे घर भोर तालुक्यात, हिरडोशी खोऱ्याच्या वरच्या अंगाला, गावठाणापासून दूर एका टेपावर आहे. दिवे सौर पॅनेलवर, पाणी झऱ्याचे आणि स्वयंपाक काही गोबरगॅसवर, काही चुलीवर, असा आमचा संसार आहे. अशा घराचे सगळे वर्ष दिवाळी ते होळी या काळात होणाऱ्या कामांवर उभे असते आणि म्हणूनच या घरांसाठी जी काही सरकारी देखभाल व मदत ठरलेली असेल ती याच काळात पोहोचावी, एवढे मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

सर्वांत आधी बॅटरीविषयी लिहिते, कारण सौरसंच म्हटले की लोकांना छपरावरचे पॅनेल आठवते, पण घर अंधारात जाते ते बहुधा बॅटरीमुळे. आषाढ-श्रावणात घाटमाथ्यावर आठ-आठ दिवस ऊन पडत नाही. बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही, आणि महिनोन्‌महिने अर्धवट भरलेल्या अवस्थेत राहिल्यामुळे तिच्या आतील शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर साचून कडक होऊ लागतो. दसऱ्यानंतर आकाश निवळले की लगेच हालचाल केली, तर हा थर बराचसा विरघळतो आणि बॅटरी सावरते. तीच हालचाल मार्च-एप्रिलवर ढकलली, तर बहुतेक वेळा नवी बॅटरी घेण्यावाचून गत्यंतर उरत नाही. त्यासाठी कार्तिकात आम्ही काही दिवस रात्रीचे दिवे कमीत कमी लावतो, मोबाइलसुद्धा दिवसा थेट उन्हाच्या विजेवर भरून घेतो आणि बॅटरी पुरती भरू देतो. प्रत्येक कप्प्याचे झाकण उघडून पातळी पाहायची, कमी असेल तिथे डिस्टिल्ड वॉटर घालायचे, पुन्हा भरू द्यायची आणि मग हायड्रोमीटर या काचेच्या नळीने एकेका कप्प्यातील आम्लाचे गुरुत्व, म्हणजे पाण्याच्या तुलनेतला जडपणा, मोजायचे. सहाही कप्प्यांत काटा १२४० च्या आसपास आला तर वर्षाची काळजी मिटली. पाच कप्पे बरोबर आणि एक मागे, असे दिसले तर तो कप्पा जाण्याच्या वाटेवर आहे हे ओळखून पैशांची तजवीज तेव्हापासूनच करावी लागते. टोकांवर धरलेली हिरवट-पांढरी पूड सोड्याच्या कोमट पाण्याने धुऊन वर व्हॅसलीनचा हात फिरवला की हे काम संपते. यात अवघड काही नाही, परंतु ते कोणीतरी एकदा शेजारी बसून दाखवावे लागते.

पॅनेलचेही थंडीचे वेगळे गणित आहे. २२ डिसेंबरच्या सुमारास आमच्या अक्षांशावर सूर्य भर दुपारीही क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवरच राहतो, त्यामुळे जे झाड उन्हाळ्यात पॅनेलच्या वाटेत मुळीच येत नाही, त्याची सावली थंडीत दुपारी तीननंतर सरळ छपरावर येते. पॅनेलमधील चकत्या एकामागोमाग एक जोडलेल्या असल्याने एका कोपऱ्यावर सावली पडली तरी साऱ्या पॅनेलची वीज निम्म्यावर येऊ शकते, हे बसवणारा माणूस पावसाळ्याच्या तोंडावर येऊन गेला असेल तर त्याच्याही ध्यानात येत नाही. आमच्या वरच्या अंगाला असलेल्या शेजारघरात नेमके हेच झाले होते. दक्षिणेकडच्या ऐनाच्या दोन फांद्या उतरवल्यावर संध्याकाळचे दिवे पूर्वीसारखे चालू लागले; तोवर त्या घरातील म्हाताऱ्या आजी संच बिघडला असे समजून रॉकेलची चिमणी शोधत होत्या.

आता योजनांविषयी. घरोघरी वीज पोहोचवण्यासाठी केंद्र सरकारने २५ सप्टेंबर २०१७ रोजी जाहीर केलेल्या सौभाग्य योजनेत दुर्गम घरांसाठी २०० ते ३०० वॅटचे पॅनेल, बॅटरी, पाच एलईडी दिवे, एक पंखा, एक प्लग आणि पाच वर्षांची देखभाल अशी तरतूद होती. ती विचारपूर्वक केलेली होती, असे मला मनापासून वाटते. पाच दिव्यांनी काय होते, हे ज्याने स्वयंपाकघरात चिमणीच्या काजळीत वर्षे काढली त्यालाच कळेल. २८ एप्रिल २०१८ रोजी देशातील सर्व गावांत वीज पोहोचल्याचे जाहीर झाले. त्या मोजणीच्या निकषानुसार गावातील दहा टक्के घरे आणि शाळा, पंचायत, दवाखाना अशा सार्वजनिक जागा जोडल्या गेल्या की ते गाव विद्युतीकृत धरले जाते. एकेकट्या घरांना, वाड्यांना आणि धनगरवाड्यांना त्या आकड्यात जागा नव्हती, म्हणूनच सौरसंचांची सोय महत्त्वाची होती. परंतु २०१८-१९ मध्ये बसवलेल्या संचांची पाच वर्षे केव्हाच संपली आहेत आणि त्या प्रकारच्या बॅटरीचे आयुष्यही साधारण तेवढेच असते. म्हणजे देखभालीचा करार आणि बॅटरी दोन्ही एकाच सुमारास संपतात, आणि ज्या घरात रोख पैसा वर्षातून एकदाच, भात किंवा जनावर विकून येतो, त्या घरावर नव्या बॅटरीचा सगळा भार पडतो. आता अतिदुर्बल आदिवासी समाजांसाठी २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन अभियानातून कातकरी समाजाच्या विजेविना राहिलेल्या घरांनाही असे संच देण्याची तरतूद झाली आहे. त्या घरांवर पाच वर्षांनी हीच पाळी येऊ नये, असे कळकळीने वाटते.

थंडीतील दुसरे मोठे काम गवताचे. बाहेरून पाहणाऱ्याला ती जनावरांची वैरण वाटते आणि ती आहेच. पण घराभोवतीचे गवत कापून उडवी रचणे हे आमच्यासाठी आगीपासूनचे संरक्षणही आहे. वन विभाग १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा काळ धरतो. त्याआधी घर, गोठा आणि झऱ्यापासून येणारा पाइप यांच्या कडेने गवत मुळापासून कापून, पालापाचोळा ओढून, जमीन उघडी केलेला पट्टा, म्हणजेच जाळपट्टा, तयार ठेवावा लागतो. पाइपाचे नाव मुद्दाम घेतले. झऱ्याचे पाणी उताराने घरापर्यंत आणणारा काळा प्लास्टिकचा पाइप उघड्यावरून येतो आणि डोंगराला वणवा लागला की घर वाचले तरी पाइप जागोजागी वितळून बसतो. मग ऐन मार्चमध्ये, झरा वाहत असूनही, बायकांना डोक्यावर हंडे घेऊन चढ-उतार करावा लागतो. आमच्या भागात हे घडलेले आहे. वणवे बहुतेक माणसानेच लावलेले असतात, कधी निष्काळजीपणाने तर कधी जाळले की पुढच्या वर्षी गवत चांगले येते या समजुतीने. त्या समजुतीने गवताचे बी, पाखरांची घरटी आणि उताराची माती यांचे किती नुकसान होते, हे पहिल्या वळवात खाली येणाऱ्या लाल पाण्यात दिसते.

यात कारवीची भर आहे. २०२४ मध्ये सह्याद्रीच्या बऱ्याच भागांत कारवी फुलली. एकदा फुलून बी धरले की ती झुडपे मरतात आणि उभ्या जागी वाळतात. ही वाळलेली कारवी कुडाच्या भिंतींना, मांडवाला आणि चुलीला उत्तम, पण तशीच उभी राहिली तर वणव्याला तिच्याइतके खाद्य दुसरे नाही. ज्या हद्दीत परवानगी आहे तिथली वाळकी कारवी थंडीत उतरवून नेण्याची मुभा आणि प्रोत्साहन वन विभागाने आसपासच्या घरांना स्पष्टपणे दिले, तर जळण, कूड आणि आगीचा बंदोबस्त अशी तिन्ही कामे साधतील.

बाकीची कामे याच्या आगेमागे चालूच असतात. नाचणी-वरीची मळणी होऊन धान्य कणगीत जाते, भाताच्या ओलीवर टाकलेला वाल आणि हरभरा राखावा लागतो, राबासाठी, म्हणजे भाताचे रोप टाकायची जमीन भाजण्यासाठी, कवळे (पाल्याच्या फांद्या) तोडली जातात, गोवऱ्या थापल्या जातात. गोबरगॅसही थंडीत मंदावतो, कारण शेण कुजवणाऱ्या जिवाणूंना ऊब लागते. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे ५० किलो शेण लागते. तेवढे घालूनही पौषात सकाळचा चहा होईपर्यंतच शेगडी चालते. माझ्या सासूबाई शेणकाला कालवायला चुलीच्या वैलावर तापलेले पाणी घेतात आणि संयंत्राच्या भोवती भाताचा पेंढा रचून ठेवतात, त्याने बराच फरक पडतो. हा साधा उपाय गोबरगॅस वापरणाऱ्या घाटावरच्या इतर घरांनीही करून पाहावा.

माझे मागणे फार खर्चाचे नाही. सौरसंच मिळालेल्या प्रत्येक विखुरलेल्या घराची तपासणी वर्षातून एकदा, दिवाळीनंतर ते संक्रांतीपर्यंत व्हावी. ती करणारा माणूस त्याच खोऱ्यातला असावा. सौरसंच बसवणे व दुरुस्त करणे शिकवणाऱ्या, केंद्र सरकारच्या सूर्यमित्र प्रशिक्षणासारख्या अभ्यासक्रमाला दर खोऱ्यातून एक-दोन मुले-मुली पाठवल्या, तर पुढे त्यांनाही घरच्या घरी चार पैसे मिळतील. बॅटरी बदलण्याच्या खर्चाचा निम्मा वाटा तरी योजनेतच धरला जावा. उरलेला वाटा घरांनी थोडा थोडा बाजूला टाकावा, त्याला आमच्यापैकी कोणी नाही म्हणणार नाही. आणि ग्रामसभांनी विखुरलेल्या घरांभोवतीचे व पाण्याच्या पाइपांलगतचे जाळपट्टे रोजगार हमीच्या कामांत मागावेत. फेब्रुवारी उजाडल्यावर मंजुरी आली तर तोवर गवत पुरते वाळलेले असते, म्हणून हा ठराव ऑक्टोबरच्या ग्रामसभेतच घ्यायला हवा.

तपासणीसाठी येणाऱ्याला वाटेचा त्रास होईल, ही अडचण नेहमी सांगितली जाते. पावसाळ्यात ती खरी आहे; आमच्याकडची पायवाट तेव्हा शेवाळाने निसरडी होते आणि ओढा उतरल्याशिवाय घरी येता येत नाही. थंडीत मात्र तीच वाट कोरडी असते, दिवस स्वच्छ असतो आणि येणाऱ्याच्या जेवणाची व मुक्कामाची सोय या टेपावरील कोणतेही घर आनंदाने करील.

आपली,
एक शेतकरी वाचक,
हिरडोशी खोरे, ता. भोर, जि. पुणे