उजनीकाठच्या खानावळी आणि पाटीवरचा मासा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सोलापुरात पाहुणा आला की एक बेत ठरलेला असतो. गाडी काढायची आणि टेंभुर्णीच्या पुढे उजनीच्या काठाने मासे खायला जायचे. या खानावळींचा इतिहास फार जुना नाही, कारण त्याआधी तिथे असा काठच नव्हता. भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले, पाणी मागे पसरले आणि जुने पळसदेव गाव त्याच्या पोटात गेले. वाहत्या नदीत जाळे टाकणारे भोई आणि कोळी तलावावर मासेमारी करू लागले. भिगवणला मासळीचा बाजार वाढला. पुणे-सोलापूर रस्ता पाण्याला इतका लागून जातो की पहाटे जाळ्यातून काढलेला मासा दुपारी तव्यावर पडतो. या धंद्याचे खरे भांडवल एवढेच, आणि तेच आता हातचे जाऊ लागले आहे.

रोहू, कटला, मृगळ, मरळ, शिंगटा, वाम ही उजनीची ओळख. आज ताटात बहुतेक वेळा चिलापी, म्हणजे तिलापिया, येते. त्याचे कारण पाण्यात आहे. रोहू-कटला साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना पावसाळ्यातला वाहता पूर लागतो. म्हणून धरणात बीज बाहेरून आणून सोडावे लागते. १९५७ साली हिरालाल चौधुरी यांनी संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन या माशांचे प्रजनन घडवून दाखवले, तेव्हापासून बीजासाठी नदीच्या पुरावर अवलंबून राहणे संपले. मात्र सोडायची ती बोटुकलीच, बोटभर लांबीची. त्याहून बारीक बीज सोडले तर मरळ आणि शिंगटा यांचीच मेजवानी होते. चिलापीला यातले काही लागत नाही. आफ्रिकेतला हा मासा १९५२ साली भारतात आणला गेला. मादी अंडी तोंडात सांभाळते, वर्षातून अनेकदा विते. गर्दी झाली की मात्र तिची वाढ खुंटते. तळहाताएवढी चिलापी पिल्लू वाटते, पण पोट फाडले की आत अंड्यांची पिवळी गाभोळी निघते.

सगळ्यात मोठे नुकसान बारीक आसाच्या, म्हणजे बारीक छिद्रांच्या, जाळ्यांनी होते. वडाप नावाचे असे जाळे ओढले की शंभर ग्रॅमचा कटलाही वर येतो. तोच वर्षभर पाण्यात राहिला तर किलोच्या घरात जातो, आणि अंडी घालण्याजोगा व्हायला त्याला दोन वर्षे लागतात. त्यात १ जून ते ३१ जुलै समुद्रातली यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. पापलेट-सुरमई महागते आणि सगळा भार उजनीवर येतो, नेमका नदीतला मासा अंड्यावर असतो तेव्हा. धरण उणे गेले, म्हणजे पाणी वापरायच्या साठ्याच्याही खाली उतरले, की मासे उरलेल्या पाण्यात दाटतात आणि जाळी भरभरून निघतात. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी उणे साठ टक्क्यांच्या आसपास गेली होती. अशा वर्षी मासळी स्वस्त झाली म्हणून आनंद मानण्यात अर्थ नाही. ती पुढच्या दोन वर्षांची मासळी असते.

तूट भरून काढतो आंध्रच्या तळ्यांतला रोहू. आपला हाच महामार्ग हैदराबादवरून थेट मछलीपट्टणपर्यंत जातो, त्यामुळे बर्फातला माल यायला अडचण नाही. तो मासा वाईट नसतो. पण सोलापूरच्या उन्हात माशाच्या वजनाइतका बर्फ लागतो आणि वितळलेले पाणी खोक्यातून निथळून जावे लागते. त्या पाण्यात मासा भिजत राहिला की मांस भुसभुशीत होते. अशा तळ्यातल्या, शिळ्या झालेल्या मालाची ओळख सोपी आहे. डोळा आत गेलेला, कल्ला लालऐवजी तपकिरी, बोटाने दाबलेला खळगा भरून न येणारा, आणि ढिगातले सगळे मासे एकाच मापाचे. धरणातल्या जाळ्यातला माल सहसा असा एकसारखा नसतो.

चिखलट वासाबद्दलही लिहायला हवे, कारण त्याचा दोष हमखास आचाऱ्यावर येतो. वरून येणाऱ्या सांडपाण्याने बॅकवॉटर हिरवे पडते. त्या शेवाळातून मातकट वासाचे द्रव्य तयार होते आणि ते माशाच्या चरबीत साठते. म्हणून पोटाकडची चरबी, पोटातली काळी पातळ त्वचा आणि बाजूची लालसर पट्टी काढून टाकावी. तुकड्यांना मीठ-हळदीबरोबर चिंचेचा कोळ लावून अर्धा तास ठेवावे. आंबटाने तो वास खरोखरच मोडतो. काळ्या मसाल्याचा रस्सा नुसता झाकतो, रस्सा निवला की वास परत येतो. वाम असेल तर आधी राखेने चोळून बुळबुळीत थर काढावा, नाहीतर ती हातात ठरतही नाही.

मत्स्यव्यवसाय विभागाने बोटुकली किती आणि कुठे सोडली ते काठावरच्या गावांत फलक लावून जाहीर करावे. बारीक आसाची जाळी पावसाळ्यात तरी पाण्याबाहेर राहतील असे पाहावे. आणि खानावळवाल्यांना विनंती अशी की 'उजनीची ताजी मासळी' या कायमच्या पाटीखाली रोज खडूने एक ओळ लिहावी: आज चिलापी उजनीची, रोहू आंध्रचा. भाकरी खायला आलेले गिऱ्हाईक तेवढ्यावरून उठून जाणार नाही.

आपला,
एक वाचक, सोलापूर